विस्थापितांसाठी मदतकार्य चालवायला शिकवणारा पिरंगुटचा सहा दिवसांचा वर्ग

गेल्या महिन्याभरात चार जणांनी फोन करून मला एकच विचारलं: 36,000 रुपये भरून तिथे जावं का? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

पुण्याजवळ पिरंगुटला घोटवडे फाट्याहून आत एक जुनं प्रशिक्षण केंद्र आहे. युद्ध किंवा संघर्षामुळे घर सोडावं लागलेल्या लोकांसाठीचं मदतकार्य जे चालवतात, किंवा चालवणार आहेत, त्यांच्यासाठी तिथे सहा दिवसांचा निवासी वर्ग होतो. मी ऑगस्टच्या तुकडीत होते. आमच्यातले काहीजण नाजूक ठिकाणी काम करतात, त्यामुळे संस्थेचं आणि माणसांचं नाव कुठे लिहू नका असं पहिल्याच सकाळी सांगितलं होतं. ते पाळते आहे. जे या कामात आहेत त्यांना एवढ्यावरून केंद्र सापडेल.

मी पाणीपुरवठ्यातली. सरकारी नोकरीत 24 वर्षं टँकर, हातपंप, नळकोंडाळी आणि पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर हेच केलं. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा उतरवून घेणाऱ्या बाजूला माझी ड्यूटी होती. पुढच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि 2018 मध्ये सात महिने बांगलादेशात कॉक्स बाजारला, रोहिंग्यांच्या छावणीत, पाणी आणि संडासांचं काम पाहिलं. तिथे माझ्या वाट्याला एक भाग होता, अख्खा कार्यक्रम नव्हता. आता तो अंगावर घ्यायची वेळ आली आहे. पाइप कुठून न्यायचा हे मला कळतं. पण पैसा, माणसं, सुरक्षा, स्थानिक पुढारी आणि देणगीदार हे सगळं एकाच टेबलावर आलं की कुणाचं आधी ऐकायचं, हे शिकायला मी गेले होते.

राहण्याजेवण्याचं आधी उरकते. खोल्या दोघींच्या, स्वच्छ, पण ऑगस्टमध्ये भिंतींना ओल असते आणि कपडे सहा दिवस वाळत नाहीत. जेवण साधं आणि चांगलं: पोळी, उसळ, भात, एका संध्याकाळी गरम पिठलं-भाकरी. नेटवर्क फक्त गच्चीवर. पौड रस्त्याने पीएमपीची बस फाट्यापर्यंत येते, पुढे रिक्षा. एवढंच.

पहिला दिवस व्याख्यानांचा होता. मानवता, निःपक्षपातीपणा, तटस्थता, स्वातंत्र्य ही चार तत्त्वं, मदतकार्याच्या समन्वयाबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा 1991 चा ठराव, 2005 पासून पाणी, निवारा, आरोग्य अशा विषयवार समन्वयाची पद्धत कशी आली ते. आवश्यक आहे, पण वाचूनही कळतं. एकच गोष्ट वहीत दोनदा अधोरेखित केली आणि ती घरच्या अंगणातली होती. 1971 मध्ये बांगलादेशातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. पश्चिम बंगालमध्ये बनगावला कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं, वाटीवाटीने पाजत राहा म्हणून सांगितलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. आम्हाला हे औषधाची गोष्ट म्हणून सांगितलं गेलं. मला त्यात दुसरंच दिसलं: पाजणारे हात आईचे, भावाचे होते आणि डॉक्टरांनी त्या हातांवर भरवसा ठेवला. सहाव्या दिवशी ते मला फार आठवलं.

दुसऱ्या दिवसासाठी मी या वर्गाला पूर्ण गुण देईन. सकाळी नऊला कोरा नकाशा, एक उतार, एक ओढा आणि एक रस्ता दिला. तीन दिवसांत 20,000 माणसं येणार, करा तयारी. जगभर वापरली जाणारी किमान मानकं भिंतीवर लावलेली होती: माणशी दिवसाला 15 लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसं, घरापासून पाण्याचं अंतर 500 मीटरच्या आत, 20 माणसांमागे एक संडास, डोक्यावरचं छप्पर माणशी साडेतीन चौरस मीटर. हिशेब मांडला की पोटात गोळा येतो. रोज 3 लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या 30 खेपा. उंड्री-धायरीच्या सोसायट्यांत ज्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे त्यांना 30 खेपा म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. 80 नळ. 1,000 संडास. माणशी 400 ग्रॅम धान्य धरलं तर रोज 8 टन. आणि रस्ते, शाळा, दवाखाना, आगीसाठी मोकळे पट्टे सगळं धरून माणशी 45 चौरस मीटर जागा, म्हणजे 90 हेक्टर. सव्वादोनशे एकर जमीन कुठला जिल्हाधिकारी तीन दिवसांत काढून देईल?

ही मानकं आली कुठून, ते मुख्य प्रशिक्षकांनी संध्याकाळी सांगितलं. जुलै 1994 मध्ये रवांडातून काही दिवसांत लाखो माणसं सीमा ओलांडून काँगोतल्या (तेव्हाच्या झाईरमधल्या) गोमाला पोचली. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. तिथे संडास खणता येईना, प्रेतं पुरता येईनात. लोक किवू सरोवराचं पाणी तसंच पीत होते. कॉलरा पसरला आणि पहिल्या महिन्यात 50,000 च्या आसपास माणसं गेली. मदत करणाऱ्या संस्था तर ढिगाने आल्या होत्या, पण किती पाणी म्हणजे पुरेसं, यावरच एकमत नव्हतं. त्यानंतर, 1997 पासून, ही मानकं लिहायला सुरुवात झाली. भिंतीवरच्या त्या 15 लिटरमागे इतकी माणसं उभी आहेत हे कळल्यावर तो आकडा मी पुन्हा कधी घाईत वाचणार नाही.

इथे माझी स्वतःची चूक सांगायला हवी. कॉक्स बाजारला मी गेले तेव्हा 2017 च्या ऑगस्टनंतर आलेल्या सात लाखांहून अधिक माणसांनी टेकड्या भरून गेल्या होत्या. घाईघाईत खणलेले उथळ संडास भरून वाहत होते आणि काही तर बोअरला खेटून होते. मी ते बंद केले, नवे बांधले, आणि उतारावर जिथे जागा मिळाली तिथे बांधले. माझ्या वहीतलं प्रमाण बरोबर आलं होतं. दोन महिन्यांनी एका दाईने मला हाताला धरून रात्री तिथे नेलं. दिवा नाही, आतली कडी तकलादू, वाट पुरुषांच्या चहाच्या टपरीवरून जाणारी. बायका दुपारनंतर पाणी पिणंच बंद करत होत्या, म्हणजे रात्री जावं लागू नये. मी माणशी 15 लिटर पोचवत होते आणि त्या ते पीत नव्हत्या. पिरंगुटला मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मुख्य प्रशिक्षकांनी फळ्यावरचा आमचा सुंदर नकाशा पुसला आणि म्हणाले, "आता ताईंच्या त्या दाईला बरोबर घेऊन पुन्हा काढा." दोन तास गेले. त्या दोन तासांनी माझी फी वसूल झाली.

तिसऱ्या दिवशी भर पावसात मैदानावर वाटपाचा सराव झाला. जवळच्या महाविद्यालयाची 60 मुलं रांगेत उभी केली होती. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी: तू सात महिन्यांची गरोदर आहेस, तुझं कार्ड नवऱ्याकडे आहे आणि तो गेला आहे, तुला ऐकू येत नाही, तू दुसऱ्याचं टोकन विकत घेतलं आहेस. आमची रांग 40 मिनिटांत मोडली. कारण साधं होतं: आत यायची आणि बाहेर जायची वाट एकच ठेवली होती. सैन्यातल्या इंजिनिअर्समधून निवृत्त झालेले एक सुभेदार मेजर आमच्यात होते. त्यांनी दोन दोऱ्या बांधून पाच मिनिटांत ते सुटं केलं. ज्यांना वर्गात बसून ऐकायचा कंटाळा आहे त्यांनी या एका दिवसासाठी जावं.

पण त्याच दुपारी मला या वर्गाचा राग आला, आणि तो मी लेखी अभिप्रायातही लिहिला आहे. मदत वाटणाऱ्यांनीच बायकामुलांचा गैरफायदा घेणं, हा विषय जेवणानंतरच्या एका तासात संपवला. 2002 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या छावण्यांबद्दलच्या अहवालात हे जगासमोर आलं: धान्य, साबण, ताडपत्रीच्या बदल्यात मुलींकडे शरीर मागितलं जात होतं, आणि मागणाऱ्यांत मदत संस्थांची माणसंही होती. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्ध नियम काढले. जो कार्यक्रम चालवतो त्याच्या हातात चाव्या असतात आणि सही असते. त्याला या विषयाचा एक पूर्ण दिवस हवा. तक्रारपेटी लावा, एवढंच आम्हाला सांगितलं. ज्या बाईला लिहिता येत नाही, आणि जिच्या गल्लीतला माणूसच ती पेटी उघडतो, तिने काय करायचं? मी विचारलं. वेळ संपली होती.

चौथ्या दिवशीचा प्रश्न पुन्हा गोमाचाच, पण अवघड अंगाने. त्या छावण्यांत निर्वासितांबरोबर रवांडात त्याच वर्षी वंशसंहार करणारेही आले होते: जुनं सैन्य, हत्यारबंद टोळ्या. धान्य त्यांच्या पुढाऱ्यांच्या हातून वाटलं जायचं. माणसांचे आकडे फुगवायचे, उरलेलं विकायचं आणि छावणीवर आपली पकड ठेवायची, असं चाललं होतं. नोव्हेंबर 1994 मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या वैद्यकीय मदतसंस्थेची फ्रेंच शाखा तिथून बाहेर पडली. इतर अनेक संस्था राहिल्या. आम्हाला विचारलं: तुम्ही प्रमुख आहात, उद्या सकाळी आठला निर्णय द्यायचा आहे, राहणार की जाणार?

रात्री अकरापर्यंत भांडलो. गडचिरोलीत आरोग्याचं काम करणारा एक मुलगा म्हणाला, मारेकऱ्याला मी पोसणार नाही. मणिपूरहून आलेला तरुण बराच वेळ गप्प होता. 2023 च्या मे महिन्यापासून तो मदत छावण्यांत राबतो आहे. मग हळू आवाजात म्हणाला, "माझ्या छावणीत कोण काय करून आलंय हे मी विचारत नाही. लहान मुलाला दूध लागतं." मी राहण्याच्या बाजूने मत दिलं, पण एका अटीवर: धान्य पुढाऱ्यांना नाही, थेट कुटुंबाला, आणि कार्ड घरच्या बाईच्या नावावर. सकाळी मुख्य प्रशिक्षकांनी बरोबर उत्तर कोणतं ते सांगितलं नाही. सांगणारही नाही म्हणाले. मला ते पटलं, कारण असल्या प्रश्नाला छापील उत्तर देणाऱ्याच्या हाताखाली मी काम करणार नाही.

पाचवा दिवस अंदाजपत्रकाचा आणि तो जुना निघाला. एका बाबतीत खरा होता: कपात कशी करायची ते शिकवलं. उदाहरण माझ्या ओळखीच्या जागेचं. कॉक्स बाजारला माणशी महिन्याचं अन्नसाहाय्य 12 डॉलर होतं, ते पैशांअभावी मार्च 2023 मध्ये 10 आणि जूनमध्ये 8 डॉलर झालं. आठ डॉलरमध्ये काय ठेवायचं, तेल की डाळ, आणि हे लोकांना कोण सांगणार, कुठल्या तोंडाने? हा सराव उत्तम. पण देणगीदारांचा जो तक्ता दिला होता त्यात अमेरिका अजून पहिल्या ओळीत होती. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी परदेशी मदत गोठवली आणि जुलैपर्यंत त्यांची मदतसंस्था, यूएसएआयडी, बंदच झाली. हे झाल्यावर भरलेल्या वर्गात जुना तक्ता वापरणं मला मान्य नाही. आज जो कार्यक्रमाची धुरा घेईल त्याचा पहिला महिना माणसं कमी करण्यात आणि दवाखाना बंद होतोय हे सांगण्यात जाणार आहे. त्याची तयारी करून घ्यायला हवी होती.

सहाव्या दिवशी, दुपारच्या जेवणाला एक तास उरला असताना, एक मुलगी आली. सुदानची, कोंढव्यात राहते, पुण्यात फार्मसी शिकते. तिला आमचा 20,000 माणसांचा नकाशा दाखवला. आम्हाला त्याचा अभिमान होता, दाईबरोबर पुन्हा काढलेला होता ना. तिने तो शांतपणे पाहिला आणि हिंदीत विचारलं, "इसमें मेरी अम्मी कहाँ है?"

15 एप्रिल 2023 ला खार्तूममध्ये सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली, तेव्हा तिचं कुटुंब वाद मदनीला गेलं, मावशीकडे. डिसेंबरात तेही शहर पडलं. पुन्हा निघाले, गदारिफला, एका चुलत मामाच्या घरी. तीन खोल्यांत 22 माणसं. ते छावणीत कधी गेलेच नाहीत, त्यामुळे कुठल्या यादीत नाहीत. मामाने शेळ्या विकल्या, मग बायकोची बांगडी. सुदानमध्ये या युद्धात एक कोटीहून अधिक माणसांना घर सोडावं लागलं आणि त्यांतले फार मोठ्या संख्येने असेच कुणाच्या तरी घरात राहतात. तिने खार्तूममध्ये मागे राहिलेल्या शेजाऱ्यांचंही सांगितलं. गल्लीतल्या पोरांनी मिळून मोठ्या पातेल्यात शिजवायला सुरुवात केली. अशा सामुदायिक स्वयंपाकघरांना तिकडे तकाया म्हणतात. बाहेरच्या संस्थांना पोचता येत नव्हतं तिथे या पातेल्यांवर माणसं जगली. पैसे बाहेरगावच्या नातेवाइकांकडून मोबाइलवरून यायचे. फेब्रुवारी 2024 मध्ये नेटवर्क गेलं आणि शेकडो चुली विझल्या. "त्यांना 20 पानांचा प्रस्ताव मागू नका," ती म्हणाली. "ते रोज हजार माणसांचं जेवण करतात, त्यांना टाइप करायला वेळ नाही."

मला माझी आई आठवली. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ती बारा वर्षांची होती, नारायण पेठेत नदीच्या बाजूला घर. सगळं गेलं. ते शुक्रवारात तिच्या आत्याकडे राहिले, दोन खोल्यांत 17 माणसं, चौदा महिने. पुरातल्या माणसांना भांडी, कपडे मिळाले, ते योग्यच झालं. पण आत्याचं रॉकेल कुठल्या तारखेला संपायचं, हे कुणी विचारलं नाही, कारण आत्याचं घर शाबूत होतं. आई हे अजूनही सांगते. आणि पुराचं पाणी चार दिवसांत ओसरतं. युद्धाचं कुणी सांगत नाही. केनियातल्या दादाबच्या छावण्या 1991 मध्ये उभ्या राहिल्या, आजही आहेत. आपल्याकडे फाळणीनंतर सिंधी कुटुंबं पिंपरीला आली. तिथे कपडे घ्यायला जाताना आपण आजही 'पिंपरी कॅम्प'च म्हणतो.

माझा या वर्गाबद्दलचा खरा आक्षेप हाच आहे. सहापैकी साडेपाच दिवस आम्ही छावणी बांधली. जगातले बहुसंख्य निर्वासित छावणीबाहेर, भाड्याच्या खोल्यांत आणि नातलगांच्या घरी राहतात. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर रेशनाबरोबर घरभाड्याची रोख मदत लागते, ठेवून घेणाऱ्या घराला वाटा लागतो, गावच्या नळावर वाढलेल्या गर्दीसाठी आणखी एक बोअर लागते, शाळेत ज्यादा शिक्षक लागतो. हे शिकवायला त्यांच्याकडे जी व्यक्ती होती तिला त्यांनी शेवटचा तास दिला. मानधनही नाही, शाल आणि रोप. ती बसने आली होती.

तरीही जा, असंच मी सांगेन. पाणी, वाटप आणि चौथ्या दिवसाची ती रात्र, असं शिकवणारं ठिकाण मला जवळपास दुसरं माहीत नाही, आणि मुख्य प्रशिक्षक स्वतः गोमाच्या काळापासून या कामात असलेले, ऐकून घेणारे गृहस्थ आहेत. पाचपैकी साडेतीन तारे. या क्षेत्रात अजिबात काम न केलेल्यांनी आधी वर्षभर कुठेतरी हाताने काम करावं, मग जावं. नाहीतर आकडे पाठ होतील आणि दाई भेटणार नाही. फीमध्ये सवलत आहे, पण मागितल्याशिवाय सांगत नाहीत. गावपातळीवर काम करणाऱ्यांनी नक्की मागा, आमच्यातल्या तिघांना निम्मी झाली.

घरी आल्यावर मी केंद्राला तीन पानी पत्र लिहिलं. गेल्या आठवड्यात फोन आला. जानेवारीच्या तुकडीत त्या मुलीचं सत्र पहिल्या दिवशी सकाळी नऊला ठेवलं आहे, मानधन आणि येण्याजाण्याच्या खर्चासकट, आणि ती बरोबर गदारिफहून पुण्यात आलेल्या आणखी एका मुलाला आणणार आहे. तक्ता बदलला का, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. त्या सकाळी मी मागच्या बाकावर बसायला जाणार आहे. कुणी येणार असाल तर चांदणी चौक सातच्या आत ओलांडा, नाहीतर भूगावला अडकायला होतं आणि पहिला तास हुकतो.